ग्रंथमिती
संशोधन-नियतकालिकांतील लेखांची व संदर्भांची संख्यात्मक मोजदाद करणारी ग्रंथालयशास्त्राची शाखा (पहा : ग्रंथालयशास्त्र). एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये ग्रंथालयमितीची कल्पना मांडली; प्रस्तुत संज्ञा ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये रूढ केली. मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी लाभलेल्या संदर्भांस त्या लेखांच्या संख्येने भागून प्रभावांक काढतात (पहा : संदर्भसूची). नियतकालिकांची निवड व विषयवाढीचा मागोवा यांस ही पद्धती उपयुक्त असली, तरी संदर्भसंख्या हे गुणवत्तेचे अप्रत्यक्ष गमक होय. शिवाय अंबरनाथच्या शिवालयावरील (शिलालेख, शके ९८२) मराठी निबंधाच्या तळटिपा आंतरराष्ट्रीय सूचींत सहसा दाखल होत नाहीत. उल्हासनगर-बदलापूर परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीच्या दफ्तरी जिला महत्त्व असे, ती विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली.