कॅन्सरच्या वेदना ॲक्युपंक्चरने कमी होतात का? गावाकडच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. इथल्या कुणाला कॅन्सर झाला, तर उपचारांसाठी नांदेड, नागपूर किंवा थेट मुंबईच्या टाटा मेमोरियलची वाट धरावी लागते. ऑपरेशन होतं, रेडिएशन संपतं, रुग्ण घरी येतो. पण अनेकदा दुखणंही त्याच्यासोबत घरी येतं. रात्र रात्र झोप लागत नाही, गोळ्यांचा असर उतरतो आणि घरचे दुसरा उपाय शोधू लागतात. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "सुया टोचून घ्या, बरं वाटेल."

हा सल्ला कितपत खरा आहे? त्यासाठी बसभाडं आणि मजुरीचे दिवस खर्च करावेत का? समजून घेऊया.

ॲक्युपंक्चर म्हणजे काय?

ॲक्युपंक्चर ही मूळची चीनमधली उपचारपद्धती. शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर केसासारख्या बारीक, भरीव सुया टोचल्या जातात आणि साधारण २० ते ३० मिनिटं तशाच ठेवल्या जातात. इंजेक्शनसारखं यातून कोणतंही औषध शरीरात जात नाही. सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडला, तर त्याला इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर म्हणतात. फक्त कानाच्या पाळीवरच्या बिंदूंवर सुया लावण्याचाही एक प्रकार आहे.

भारतात ही पद्धत येण्यामागे एक मराठी धागाही आहे. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. १९४२ मध्ये त्यांचं चीनमध्येच निधन झालं. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

सुईने दुखणं कमी कसं होतं?

पारंपरिक चिनी विचारानुसार शरीरात ऊर्जेचे मार्ग असतात आणि सुईमुळे ते मोकळे होतात. आधुनिक वैद्यकशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. मात्र सुईमुळे नसा उत्तेजित होतात आणि मेंदू व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी नैसर्गिक वेदनाशामक रसायनं स्रवतात, असं आढळलं आहे. १९७० च्या दशकातल्या काही प्रयोगांत अफूजन्य औषधांचा असर रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर ॲक्युपंक्चरचा परिणामही घटला. त्यावरून या समजाला बळ मिळालं. रुग्णाचा विश्वास आणि अपेक्षा यांचाही त्यात वाटा असतोच.

संशोधन काय सांगतं?

२०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. तेव्हा हाती फक्त ५ चाचण्या आणि २८५ रुग्ण होते. ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं.

त्यानंतर मोठ्या चाचण्या झाल्या.

• २०१८: स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोन गोळ्यांमुळे सांधे दुखणाऱ्या २२६ महिलांवर अमेरिकेत चाचणी झाली. सहा आठवड्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात वेदना जास्त घटल्या. मात्र नाटकी सुया टोचलेल्या गटाच्या तुलनेत हा फरक १० पैकी साधारण १ गुणाइतकाच होता.

• २०२१: कॅन्सरचा उपचार झालेल्या, पण स्नायू-हाडांचं जुनं दुखणं उरलेल्या ३६० जणांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांपेक्षा इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरने वेदना १० पैकी सुमारे २ गुणांनी आणि कानाच्या ॲक्युपंक्चरने सुमारे दीड गुणाने जास्त कमी झाल्या. कानात सुया लावलेल्यांपैकी दहातल्या एकाने त्रासामुळे उपचार मध्येच सोडला.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. हार्मोन गोळ्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवावं आणि कॅन्सरच्या इतर वेदनांसाठीही त्याचा विचार करता येईल, असं त्यात म्हटलं आहे.

थोडक्यात, वेदना काही प्रमाणात कमी होऊ शकतात. पण सुयांनी कॅन्सर बरा होत नाही. 'गाठ विरघळवून देतो' असं कुणी सांगत असेल, तर तिथून परत फिरलेलं बरं.

विदर्भातल्या रुग्णांसाठी यात काय आहे?

विदर्भात खर्रा घराघरात पोहोचला आहे आणि तंबाखू हे तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे. या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये अनेकदा मानेतल्या गाठीही काढाव्या लागतात. त्यात खांद्याच्या नसेला ताण बसतो किंवा इजा होते. मग हात वर जात नाही, खांदा आणि मान दुखत राहते. शेतात राबणाऱ्याला हे दुखणं जास्त जड जातं.

नेमक्या याच त्रासावर २०१० मध्ये ५८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा, असं चार आठवडे ॲक्युपंक्चर घेतलेल्यांच्या वेदना कमी झाल्या आणि खांद्याची हालचाल सुधारली. अभ्यास छोटा होता. शिवाय खांद्याचे व्यायाम आणि फिजिओथेरपी यांना पर्याय नाहीच.

सुया कुणी टाळाव्यात?

'सुई लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती गावोगावी असते. या भीतीपोटी अनेक जण बायोप्सीही लांबवतात आणि निदानाला उशीर होतो. तपासणीसाठी डॉक्टरांनी सांगितलेली सुई टाळू नये. ॲक्युपंक्चरमध्ये मात्र गाठीच्या जागी किंवा जखमेत सुई टोचत नाहीत. याशिवाय पुढच्या स्थितीत आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारणं आवश्यक आहे:

• केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी झाल्या असतील
• रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल
• स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताला सूज असेल (त्या हातात सुई टाळली जाते)
• पेसमेकर असेल (इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर चालत नाही)

सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. सुई लागली तिथे थोडं रक्त येणं किंवा काळं-निळं पडणं हे किरकोळ त्रास आहेत. पण अप्रशिक्षित हाताने छातीत सुई खोल गेली, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

मॉर्फिन बंद करायचं का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कॅन्सरच्या वेदनांसाठी पायऱ्या ठरवून दिल्या. आधी साधी वेदनाशामकं, मग सौम्य आणि शेवटी मॉर्फिनसारखी तीव्र औषधं. 'सवय लागेल' या भीतीने अनेक कुटुंबं मॉर्फिन नाकारतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलं, तर व्यसनाचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठता हा नेहमीचा त्रास, त्यावर औषध मिळतं. मॉर्फिन रुग्णांपर्यंत सहज पोहोचावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली आहे. ॲक्युपंक्चर या औषधांच्या जोडीला घ्यायचं असतं. वेदना कमी झाल्याच, तर गोळीचा डोस डॉक्टरच कमी करतील.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पाठीत अचानक वाढलेली कळ, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी सुया किंवा मालिशमध्ये एक दिवसही न घालवता मोठं रुग्णालय गाठावं.

कुणाकडे जायचं? खर्चाचं काय?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद काम करते. उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

खरा प्रश्न फेऱ्यांचा आहे. २०२१ च्या अभ्यासात १० वेळा, तर २०१८ च्या अभ्यासात १८ वेळा सुया टोचल्या होत्या. एक-दोनदा जाऊन तसा फायदा मिळेल, असं धरता येत नाही. फुलसावंगीहून दर आठवड्याला शहरात जायचं, तर रुग्णासोबत घरातल्या एकाचाही दिवस मोडतो. प्रवासाने दुखणं वाढत असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

म्हणून आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात वेदनाशामक उपचार, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, कुठे मिळतात याची चौकशी करावी. आशाताई यात मदत करू शकतात. औषधं नीट सुरू होऊनही दुखणं उरलं, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही आणि नोंदणीकृत तज्ज्ञ आवाक्यात असला, तर ॲक्युपंक्चर करून पाहायला हरकत नाही. रोज वेदनेला १० पैकी किती गुण द्याल, हे वहीत लिहून ठेवा. पाच-सहा वेळा जाऊनही आकडा हलला नाही, तर तो खर्च थांबवलेला चांगला.