व्यावसायिक वैमानिक व उड्डाण-प्रशिक्षक : प्रशिक्षण

मोबदला घेऊन विमान चालवण्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो. भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालय तो देते. वयाची 18 वर्षे, भौतिकशास्त्र व गणितासह बारावी, पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता, लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण या त्याच्या मुख्य अटी. रायबरेलीजवळील फुरसतगंज आणि गोंदियाजवळील बिरसी येथे असे प्रशिक्षण मिळते. परवान्यानंतर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घेऊन उमेदवार थेट विमान कंपनीत सहवैमानिक होऊ शकतो. अमेरिकेत 2013 पासून त्याच जागेसाठी साधारणतः 1500 तास लागतात. त्यामुळे तिथला नवा वैमानिक बहुधा प्रशिक्षक होऊन तास जमवतो.

1500 तासांचा हा नियम अमेरिकेतील बफेलो शहराजवळ 2009 मध्ये झालेल्या विमान अपघातातून आला. पण त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास 1500 हून कितीतरी अधिक होते. चूक तासांच्या कमतरतेची नव्हती. विमानाचा वेग घटून उचल तुटण्याचा इशारा मिळताच नियंत्रण-दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला गेला. म्हणून तासांची संख्या हा कौशल्याचा ढोबळ मापदंड ठरतो. यावर आक्षेप असा, की शिकवण्यात गेलेले तास तरी वाया जात नाहीत. ते खरे आहे. विद्यार्थ्याची चूक किती वाढू द्यायची आणि नियंत्रण कधी हाती घ्यायचे, हा निर्णय प्रशिक्षकाला सतत घ्यावा लागतो. मात्र छोट्या, एका इंजिनाच्या विमानातील हा सराव दोघांनी मिळून जेट चालवण्याची तालीम देत नाही. शिवाय प्रशिक्षकपद केवळ पायरी ठरले, की अनुभवी शिक्षक टिकत नाहीत आणि नवशिक्याला नवशिकाच शिकवतो.