‘मिल’ आणि ‘गिरणी’ : भायखळा परिसरातील एका शब्दाचा प्रवास

इंग्रजीतील ‘मिल’ हा शब्द लॅटिन ‘मोला’ म्हणजे जात्याचा दगड या शब्दकुळातील आहे. त्याचा मूळ अर्थ दळण्याची जागा एवढाच होता. पाण्याच्या चाकावर धान्य दळले जाई. पुढे त्याच चाकावर लाकूड कापणे, लोकरीचे कापड कुटणे ही कामे होऊ लागली आणि जेथे दळण नाही अशा कारखान्यांनाही ‘मिल’ म्हटले जाऊ लागले. रिचर्ड आर्कराइटचा क्रॉमफर्ड येथील १७७१ चा सूत कातण्याचा कारखानाही जलशक्तीवरच चाले. (डॉलरच्या सहस्रांशाला ‘मिल’ म्हणतात; तो शब्द हजार या अर्थाच्या लॅटिन ‘मिले’पासूनचा, त्याचा जात्याशी संबंध नाही.)

मुंबईत हा शब्द वाफेच्या यंत्राबरोबर रुजला. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांचा कारखाना १८५६ मध्ये सुरू झाला. त्याचे नाव होते ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. भायखळ्याच्या खटाव मकनजी कंपनीच्या नावातही ‘स्पिनिंग अँड वीव्हिंग’ असेच शब्द होते. ‘खटाव मिल’ हे लोकांच्या तोंडचे नाव. मराठीने मात्र ‘मिल’ स्वीकारूनही ‘गिरणी’ सोडली नाही. ज्या शब्दाने पीठ दळण्याची जागा दाखवली जाते, त्याच शब्दाने कापडाचा कारखानाही दाखवला गेला. इंग्रजीत शतकानुशतके घडलेला अर्थविस्तार मराठीत असा एका शब्दात एकत्र नांदतो.

हे दोन शब्द संघटनांच्या नावांतही आढळतात. १९२८ च्या संपात लाल बावट्याची ‘गिरणी कामगार युनियन’ पुढे आली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक ठरवलेली संघटना मात्र ‘राष्ट्रीय मिल मजदूर संघ’ होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या संघटनेचे नाव ‘महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन’. सुमारे अडीच लाख कामगारांच्या या संपात वेतनाइतकाच प्रातिनिधिक संघटना कोणती हा प्रश्नही कळीचा होता. नावांतील हा भेद योजनापूर्वक झाला असे मानणे धाडसाचे ठरेल. तरी तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

खटाव मिलच्या जागेवर पुढे निवासी मनोरे उभे राहिले. जमिनीच्या व्यवहारात ‘मिल लँड’ हा शब्द रूढ झाला, तर म्हाडाची घरांची सोडत ‘गिरणी कामगारां’च्या नावाने निघते. त्या सोडतीसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरीस असल्याचा पुरावा कामगाराला अथवा त्याच्या वारसाला द्यावा लागतो.