धक्क्याचा हिशेब



बंदुकीचा इतिहास म्हटला की लढाया, सेनापती आणि तहनामे आठवतात. आज मी त्यांच्याकडे वळणार नाही. ज्याच्या खांद्याला रायफलीचा दस्ता टेकतो, आणि ती ऐन वेळी चालते की अडते यावर ज्याचा जीव टांगलेला असतो, त्याच्या बाजूने हा इतिहास मांडावा, एवढाच माझा हेतू आहे. मी शस्त्रांचा जाणकार नाही; कामगारांत वावरणारा माणूस आहे. पण यंत्राची आणि माणसाची गाठ कशी पडते, हा माझा रोजचा विषय आहे, आणि रायफल हे शेवटी एक यंत्रच आहे.

आरंभ धक्क्यापासून करू. गोळी पुढे जाते तेव्हा बंदुकीला मागे रेटा बसतो. हा निसर्गाचा नियम; त्यातून सुटका नाही. बंदूक जड केली तर धक्का कमी जाणवतो, पण तेच ओझे मग मैलोन्मैल वाहावे लागते. आपल्या फौजेने वर्षानुवर्षे वापरलेली थ्री-नॉट-थ्री घ्या. तिच्यात हा रेटा शिपायाच्या खांद्यावर येऊन संपतो. शिवाय प्रत्येक बारानंतर त्याने हाताने खिटी मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर टाकायची आणि खिटी पुढे ढकलून नवे काडतूस घरात बसवायचे. म्हणजे बंदुकीतली शक्ती वाया जायची, आणि काम मात्र माणसाने करायचे!

ही उधळपट्टी हिराम मॅक्झिमच्या नजरेत भरली. हा अमेरिकेत जन्मलेला यंत्रज्ञ लंडनला जाऊन राहिला होता. १८८३ साली त्याने विंचेस्टर रायफलीच्या दस्त्यामागे स्प्रिंग लावलेली पट्टी बसवली आणि धक्क्यानेच पुढचे काडतूस भरले जाईल अशी योजना केली. १८८४ पर्यंत त्याची मशीनगन उभी राहिली. तिने पुढे केलेला संहार आपणांस ठाऊकच आहे. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा प्रांतात जॉन ब्राउनिंगने दुसरी वाट काढली. नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूच्या झोताने पुढचे गवत लवते, हे त्याने पाहिले. आणि हाच वायू कामाला का लावू नये, असा प्रश्न त्याला पडला. अर्धस्वयंचलित रायफलींचा मोठा वंश या प्रश्नातून वाढला. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. त्याच गोळीमागच्या वायूचा थोडा अंश दट्ट्याला ढकलतो, खिटी मागे जाते, पुंगळी उडते, आणि स्प्रिंग खिटीला पुढे आणताना नवे काडतूस भरते. एकूण रेटा नाहीसा होत नाही. पण तो थोड्या अधिक वेळात वाटला जातो, म्हणून खांद्याला सौम्य वाटतो.

येथे खरी अडचण सुरू होते. वायू कमी मिळाला तर खिटी पुरती मागे जात नाही आणि पुंगळी मध्येच अडकते. वायू जास्त मिळाला तर खिटी घाई करते. पुंगळी घराच्या भिंतीला अजून चिकटलेली असतानाच तिला हिसका बसतो, ती तुटते किंवा आतच राहते. खिटी मागच्या टोकाला आदळते, खांद्याला जादा दणका बसतो आणि यंत्राचे भाग लवकर झिजतात. यंत्रमागावर काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. धोट्याला मार कमी पडला तर तो मध्येच राहतो. जास्त पडला तर पेटीवर आपटतो. मार, धोट्याचे वजन आणि सुताचा ताण यांचा मेळ बसला तरच कापड निघते. रायफलीत वायू, स्प्रिंग, खिटीचे वजन आणि काडतुसातली दारू या चार गोष्टींचा असाच मेळ लागतो. एक बदलली की बाकीच्या तिन्हींचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

हा हिशेब ज्याने जमवला, तो जॉन गॅरंड. १८८८ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्याचा जन्म झाला. लहानपणी तो अमेरिकेत आला आणि एका कापड गिरणीत झाडू मारण्याच्या कामावर लागला. यंत्रे पाहता पाहता तो यंत्र शिकला. १९१९ साली तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात गेला आणि १९५३ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. प्रारंभी त्याची रायफल ०.२७६ इंची काडतुसासाठी होती. त्याचा धक्का कमी, वजन कमी, आणि रायफलीत दहा काडतुसे मावत. १९३२ साली सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी जुने ०.३० इंची काडतूसच कायम ठेवले. त्याचा मोठा साठा कोठारांत पडून होता. कोठाराचा हिशेब जमला आणि जादा धक्का शिपायाच्या खांद्यावर गेला! गॅरंडने तक्रार न करता नवी जुळणी केली. दहाऐवजी आठ काडतुसांची त्याची रायफल १९३६ च्या जानेवारीत सैन्याने स्वीकारली.

पण स्वीकार म्हणजे शेवट नव्हे. आरंभीच्या रायफलीत वायू नळीच्या तोंडाशी एका टोपीत पकडला जाई. ही रचना नाजूक ठरली, आणि १९३९-४० मध्ये ती बदलून नळीलाच बारीक छिद्र पाडण्यात आले. त्याच सुमारास दुसरे एक कोडे उभे राहिले: आठांपैकी सातवे काडतूस नेमके अडू लागले. शोध घेता आढळले, की आराखडा बरोबर होता. मोठ्या उत्पादनासाठी कारखान्यातल्या हत्यारांची मांडणी बदलताना आतल्या एका कडेचा थोडा धातू जास्त कापला जात होता. दोष तिथल्या तिथे सापडला, कारण रचनाकार, कारागीर आणि चाचणी घेणारे एकाच आवारात होते. १९४५ पर्यंत अशा चाळीस लाखांवर रायफली तयार झाल्या. आपले हक्क गॅरंडने सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक काँग्रेसपुढे आले, पण मंजूर झाले नाही. पगारावर काम करणाऱ्याची ही कथा आपणांस अनोळखी वाटू नये.

बेल्जियममधल्या एफ.एन. कारखान्यात द्यूदोने सेव्ह याने आणखी एक पाऊल टाकले. १९५० च्या दशकात पुढे आलेल्या त्याच्या एफ.ए.एल. रायफलीत वायूचे प्रमाण शिपायाला स्वतः कमीजास्त करता येते. रायफल स्वच्छ असली की जादा वायू बाहेर सोडायचा आणि धक्का हलका ठेवायचा. धूळचिखलाने ती जड चालू लागली की एकेक खाच फिरवून वायू वाढवायचा. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती त्याची जुळणी, हे तत्त्व त्या छोट्या चाकात आहे. १९६२ साली आपले जवान चीनपुढे थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात याच घराण्यातली अर्धस्वयंचलित रायफल तयार होऊ लागली, आणि अनेक वर्षे ती आपल्या पायदळाचे मुख्य हत्यार राहिली.

आता उलट उदाहरण. यूजीन स्टोनरने आखलेली, एकेक आणि सलग अशा दोन्ही रीतींनी चालणारी हलकी रायफल पुढे एम-१६ या नावाने व्हिएतनाममध्ये गेली. तिची जुळणी एका प्रकारच्या दारूवर झाली होती. १९६४ साली सैन्याने दुसरी, गोल दाण्यांची दारू ठरवली. तिने वायूचा दाब वाढवला. खिटी ठरल्याहून जलद धावू लागली आणि आत काजळी साचू लागली. काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत ते गंजे. साफसफाईची साधनेही सर्वांना पुरेशी दिली गेली नव्हती. सर्वांत वाईट हे, की कोल्ट कारखान्याला रायफली पास करून घेताना जुनी दारू वापरण्याची मुभा होती, आणि रणांगणावर मात्र नवी दारू जात होती. परीक्षा एका मालावर, काम दुसऱ्यावर!

परिणाम शिपायांनी भोगला. १९६७ च्या मे महिन्यात एका मरीन सैनिकाचे घरी आलेले पत्र वर्तमानपत्रात छापले गेले. मेलेले साथीदार सापडले ते अडकलेल्या रायफली शेजारी उघडून ठेवलेल्या स्थितीत, असे त्यात होते. वर मात्र प्रारंभी एकच उत्तर मिळत असे: शिपाई रायफल साफ ठेवत नाही. हे उत्तर मला फार ओळखीचे आहे. यंत्रात बोट गेले की कामगार बेफिकीर ठरतो. यंत्राचा वेग कोणी वाढवला, हे मागाहून, आणि तेही भांडल्यावर, विचारले जाते. अखेर इकॉर्ड यांच्या काँग्रेस-समितीने १९६७ च्या ऑक्टोबरात अहवाल दिला, आणि काडतुसांतले दोष दूर करण्यातली अधिकाऱ्यांची दिरंगाई गुन्ह्याच्या सीमेला टेकणारी आहे, असे ठरवले. या काळात खिटीचा वेग आवरायला मागचा बफर जड झाला, घराला क्रोम चढला, साधने पोचली, आणि १९६८ साली चित्रमय पुस्तिका काढून देखभाल शिकवण्यात आली. यातला एकही उपाय अद्भुत नव्हता. सगळे आधी करता आले असते.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा १९६४ चा. काडतुसे आपल्या या गावांतून निघाली आणि रायफली दूर बंगालमधल्या ईशापूरहून. दोहोंचा मेळ शेवटी एखाद्या बर्फाळ चौकीवर, एका जवानाच्या हातात बसतो. खडकीच्या बाकावर काडतूस तपासणारी बाई आणि तो जवान एकमेकांना कधी भेटत नाहीत. पण तिने एखादा नग बाजूला काढला आणि तिचा शब्द वरपर्यंत ऐकला गेला, तर त्याचा जीव वाचू शकतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. धक्का कोणालाच नाहीसा करता आलेला नाही. मॅक्झिमला नाही, गॅरंडला नाही. तो कोठे न्यायचा एवढेच माणसाच्या हाती असते. ज्यांनी तो स्प्रिंगेत, दट्ट्यात आणि विचारपूर्वक आखलेल्या छिद्रात नेला, त्यांची रायफल चालली. ज्यांनी तो कागदावर जिरला असे धरले, त्यांच्या वाटचा धक्का एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी घेतला. बदल करणाऱ्याने खांदा देणाऱ्याला आधी विचारावे, एवढा धडा या शंभर वर्षांतून घेतला तरी पुष्कळ झाले.