शरणागतीचे पाणी : ख्रिस्ती संत आणि साताऱ्यास आलेले टिळक



शताब्दीच्या या पुस्तकात आम्ही इतिहासाचा एक लेख द्यावा असं मंडळानं ठरवलं. दिंडी कोणी काढली, पहिले वीणेकरी कोण, मुक्काम कुठे कुठे पडत, हे इतरांनी लिहिलं आहे आणि आमच्यापेक्षा बरं लिहिलं आहे. आमचा विषय ऐकून मात्र दोघा-तिघा माळकऱ्यांनी तोंडावरच विचारलं, "बुवा, गळ्यात माळ तुळशीची आन् लेख क्रुसाचा, ह्ये कसं काय?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही इयत्ता चौथी शिकलेले, शेतकरी माणूस. दुसऱ्याच्या धर्माचा निवाडा करायला बसलेलो नाही. पण जन्मभर कीर्तनात शरणागती सांगितली, गीतेच्या अठराव्या अध्यायातला सहासष्टावा श्लोक किती वेळा निरूपणाला घेतला त्याची मोजदाद नाही. तीच शरणागती दुसऱ्या कुणी कशी ओळखली, आणि तिच्यापायी एक मराठी कवी आपल्या साताऱ्यात कसा येऊन राहिला, हे आपल्या लोकांना माहीत असावं. औंधाला तर यात बिचकायचं कारणच नाही. आपले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करीत, आणि त्यांच्याच राज्यात पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन, जन्मानं ज्यू, स्वामी भारतानंद नावानं वावरले आणि 1939 च्या राज्यघटनेच्या कामात त्यांचा हात होता. आपल्या वाडवडलांनी त्यांना परकं म्हटलं नाही.

आधी आपल्या घरातलं बघू. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी माळ्याचा आणि पाण्याचा दृष्टांत दिला आहे. ओवी सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. माळी जिकडं वळवील तिकडं पाणी मुकाट्यानं जातं, "याच वाफ्यात का" असं विचारत नाही. माणसानं तसं व्हावं. ज्यानं रात्री दारं धरली आहेत त्याला हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. खोऱ्यानं माती ओढली की पाणी वळलं. ते स्वस्थही आहे आणि चालतंही आहे. निवांतपण म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे त्या एका दृष्टांतात येतं.

माउलींनंतर पावणेतीनशे वर्षांनी, स्पेन देशात, एका बाईनं हाच पाण्याचा दृष्टांत वेगळ्या तऱ्हेनं लिहिला. तिचं नाव तेरेसा, गाव आविला. जन्म 1515, मृत्यू 1582. म्हणजे आपल्या नाथमहाराजांच्याच काळातली. मठात राहणारी जोगीण. मराठी बोलणाऱ्या वसईकडच्या एका फादरांनी आळंदीत आम्हांला हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, "फादर, ही बाई नक्की शेतकऱ्याच्या घरची असणार." तशी ती नव्हती, बऱ्या घरची होती. पण दृष्टांत अस्सल शेतातला आहे.

ती म्हणते, माणसाचं मन म्हणजे देवाची बाग, आणि प्रार्थना म्हणजे त्या बागेला पाणी देणं. ते पाणी चार तऱ्हेनं येतं. पहिली तऱ्हा विहिरीतून हातानं शेंदायची. साधक नवा असतो तेव्हा असंच. मन ओढून आणायचं, ते पुन्हा पळतं, पुन्हा ओढायचं. हात दुखतात आणि वाफा अर्धाच भिजतो. कधी कधी तर विहीर कोरडीच. तरी ती म्हणते, बागवानानं आपलं काम सोडू नये, धनी बघतो आहे. तिनं हे अनुभवानं लिहिलं. कित्येक वर्षं ती प्रार्थनेला बसे तेव्हा घटका कधी संपते याकडेच तिचं लक्ष असे. हरिपाठाला बसून घड्याळाकडं बघणाऱ्या आपल्या मंडळींनी यावरून धीर धरावा. इतकी मोठी संत, तिलाही कंटाळा आला होता.

दुसरी तऱ्हा रहाटाची. आपल्या भागात रहाट क्वचित, आपल्याकडं मोट. तिचंही तेच. बैल धावेवरून उतरले की थारोळ्यात पाणी भरभरून पडतं, माणसाला मध्ये दम खायला मिळतो. या पायरीला ती शांततेची प्रार्थना म्हणते. मन अजून पुरतं थांबलेलं नाही, पण आत एक गारवा आला आहे, आणि तो आपण आणलेला नाही हे कळतं. तिसरी तऱ्हा नदीच्या किंवा ओढ्याच्या पाटाची. पाणी आपोआप येतं, माणसानं फक्त वळवायचं, आणि तेही देवच इतकं करतो की जणू बागवान तोच झाला. चौथा पाऊस. तिथं माणसाचं काही चालत नाही आणि काही लागतही नाही.

येरळेला किती महिने पाणी असतं हे आपण जाणतो. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला पाऊस मागून येत नाही हे सांगायला नको. पण म्हणून नांगरट सोडून कोणी बसतं का? बांध घातलेला नसेल तर आलेला पाऊसही वाहून जातो. तेरेसाबाईचं आम्हांला पटलं ते हेच. शेंदणं खोटं नाही, पण शेंदण्यानं पाऊस पडत नाही.

माउली आणि ती यांच्यात एक फरकही आहे. तिच्या दृष्टांतात पाणी म्हणजे देवाची कृपा आणि माणूस राखतो बाग. माउलींच्या दृष्टांतात माणूसच पाणी व्हायचा आहे. आम्हांला माउलींचा पुढचा वाटतो. आता हे वारकऱ्याचं मत झालं, फादर कदाचित निराळं सांगतील.

तिला हे सुखासुखी लिहू दिलं नाही. गुरूंच्या सांगण्यावरून तिनं आपलं चरित्र लिहिलं, तर ते धर्माच्या न्यायसभेकडं तपासायला गेलं आणि तिच्या हयातीत छापलं गेलं नाही. मेल्यावर सहा वर्षांनी, 1588 साली, निघालं. तिचा सोबती जुआन हा गरीब विणकर बाईचा मुलगा. त्याला त्याच्याच पंथाच्या लोकांनी 1577 साली धरून तोलेदो गावी जवळजवळ नऊ महिने एका अंधाऱ्या खोलीत कोंडलं. तिथं त्यानं कविता रचल्या. इंद्रायणीत वह्या कोणी बुडवायला लावल्या हे आठवा. संतांना त्रास बहुधा घरच्याच माणसांचा.

आपल्या दिंडीतले एक टाळकरी विचारत होते की ही माणसं गप्प बसून देव धुंडतात आणि आपण टाळ-मृदंगाच्या दणक्यात, मग सारखं काय? त्यांनी माउलींच्या पालखीतली समाजआरती आठवावी. लाखाचा समाज, टाळांचा कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड वर केला की एकदम शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतलं की तीही थांबते. आम्हांला वाटतं, मनाचंही असंच. तक्रार असलेली दिंडी आत वाजत राहते.

आता मराठी मुलखाकडं येऊ. ख्रिस्ती भक्ती मराठीत आली ती चांगली जुनी. फादर स्टीफन्स हे इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आले आणि इथली भाषा अशी शिकले की त्यांनी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते 1616 साली छापलं. तुकोबारायांचा जन्म 1608 चा धरला तर तेव्हा देहूत ते आठ वर्षांचे होते.

पण आम्हांला सांगायचे आहेत ते नारायण वामन टिळक. कोकणातले ब्राह्मण, कवी, पंडित. 1893 साली नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांना बायबलाचा नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते त्यातून बाहेर आलेच नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबा सुटले नाहीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, परक्या चालींवर गाणाऱ्या मराठी देवळांत टाळ आणि कीर्तन नेलं. पूल ओलांडला तो बरा का वाईट, यावर आम्ही वाद घालत नाही. पूल आपला होता, एवढं मात्र खरं.

शरणागतीची किंमत ज्यानं शरण जायचं तोच भरतो असं नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई या धर्मांतरानं उघड्यावर पडल्या. लहान मुलाला घेऊन कुठं कुठं राहिल्या, काही काळ आपल्या पंढरपुरातही. नगरला नवऱ्याकडं परत आल्यावरही आधी चूल वेगळीच ठेवली. मग हळूहळू, कोणी बळजबरी न करता, त्यांचं मन वळलं आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' पुस्तकात हसत हसत लिहिलं आहे. शाळा फारशी न शिकलेल्या बाईचं पुस्तक, म्हणून आमच्यासारख्यालाही वाचता आलं. टिळक हातातलं द्रव्य देऊन टाकत, मनात आलं की घर सोडून निघत. देहूत जिजाईनं जे सोसलं तेच या बाईनं सोसलं. कीर्तनात आपण जिजाईला हसण्यावारी नेतो, ते बंद करावं असं आम्हांला ते पुस्तक वाचून वाटलं.

टिळक मिशनचं काम करीत, पगार होता, 1904 पासून पाळकही होते. पण पगारावर देवाचं नाव सांगणं त्यांच्या मनाला खाऊ लागलं. 1917 साली त्यांनी ते पगारी काम सोडलं आणि संन्यासी वृत्तीनं साताऱ्यास येऊन राहिले. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळे भक्त त्यात चालत. हे आपली दिंडी निघायच्या थोडंच आधीचं. औंधाहून सातारा तो किती लांब!

कीर्तनाचं मोल घेऊ नये ही तुकोबांची शिकवण. आज सप्ताहाच्या पत्रिका छापायच्या आधी बुवांच्या बिदागीची बोलणी होतात, आकडा जमला नाही तर तारीख मोडते. माळ न घातलेल्या माणसानं साताऱ्यात जे सोडून दाखवलं ते माळ घालणाऱ्यांना सुटत नाही, हे शताब्दीच्या पुस्तकात छापलं गेलं तर वाईट वाटून घेऊ नये.

दरबार फार दिवस चालला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. ख्रिस्ताच्या चरित्रावर त्यांनी 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य रचायला घेतलं होतं, ते थोडक्यावरच राहिलं. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, 1936 साली स्वतः जाईपर्यंत.