आगमनकाळातील घर, वाडी आणि गोठा

नाताळची तयारी नेमकी केव्हा सुरू करावी, असा प्रश्न दरवर्षी अनेक कुटुंबांना पडतो. बाजार ती दिवाळी सरताच सुरू करतो, तर नोकरीधंद्याच्या धावपळीत असलेले आपण ती २३ डिसेंबरच्या रात्री उरकतो. ख्रिस्तसभेने या तयारीसाठी आगमनकाळ नेमून दिला आहे. संत अंद्रियाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशी हा काळ सुरू होतो. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान केव्हाही येऊ शकतो. वसईच्या किनारपट्टीवर भातकापणी आटोपलेली असते, पहाटे दहिवर पडू लागते आणि वाडीतील हिवाळी कामांना वेग येतो, तोही याच सुमारास. घर, वाडी आणि उपासना यांचे वेळापत्रक असे एकत्र येते. मात्र ओली भिंत, परसातले रोप आणि गोठ्यासाठी पेरलेले धान्य यांना आपली घाई ठाऊक नसते. त्यांच्या गतीनेच काम धरावे लागते.

घराची डागडुजी

पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपला मुलूख सोडतो, परंतु भिंतीत मुरलेला ओलावा इतक्या लवकर जात नाही. दिवाळीच्या उत्साहात घाईने रंग दिला तर नाताळपर्यंत त्याला पोपडे धरतात. भिंत सुकली की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी भिंतीला बंद करून लावावा व दुसऱ्या दिवशी पाहावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबावे. कुंपणाच्या व विहिरीच्या कठड्यावरील शेवाळ आधी ताठ ब्रशने खरवडून काढावे, मगच चुना द्यावा. चुना कालवताना डोळे सांभाळावेत, मुलांना दूर ठेवावे. कौलारू घर असेल तर सरकलेली कौले आणि जळमटे प्रथम, भिंती त्यानंतर आणि जमीन सर्वांत शेवटी.

रोषणाईच्या माळा वर्षभर माळ्यावर पडून असतात व उंदीर त्यांची वायर कुरतडतात. चांदणी टांगण्यापूर्वी तिची वायर हाताखालून पाहून घ्यावी.

वाडीतील कामे

नाताळला वेदीवर आणि घरच्या क्रुसापुढे आपल्याच परसातील फुले असावीत, ही इच्छा जुनी आणि सुंदर आहे. तिची पूर्तता मात्र डिसेंबरमध्ये होत नाही. झेंडूचे रोप लावल्यापासून फुलायला सुमारे दोन महिने घेते, म्हणून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जमिनीत गेलेले असावे. शेवंतीची लागवड तर पावसाळ्यातच होते. रात्र लांबू लागल्याशिवाय ती कळी धरत नाही.

पॉइन्सेटियाचेही तसेच. मूळच्या मेक्सिकोतील या झाडाला तेथील लोक नाताळच्या रात्रीचे फूल म्हणतात. ज्याला आपण तांबडे फूल समजतो ती वास्तविक पाने असून खरी फुले मधोमध असलेले लहानसे पिवळे दाणे होत. पाने तांबडी होण्यास सुमारे दोन महिने रोज रात्री तेरा-चौदा तास अखंड अंधार लागतो. अनेक घरांतील तक्रार अशी की, रोपवाटिकेतून आणले तेव्हा लाल होते, पुढच्या वर्षी हिरवेच राहिले. कारण बहुधा ओटीवरचा दिवा किंवा रस्त्यावरील खांब हेच असते. ऑक्टोबरपासून कुंडी संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत किंवा खोक्याखाली ठेवावी व सकाळी पुन्हा उन्हात आणावी. त्याचा चीक त्वचेला त्रासदायक असतो, हे छाटताना ध्यानात ठेवावे.

मोगरा मात्र नाताळला मागू नये. हिवाळा हा त्याच्या विश्रांतीचा काळ होय. पाणी तोडून, पाने झडू देऊन डिसेंबर-जानेवारीत छाटणी केली, तर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो भरभरून देतो. मेथी, मुळा, माठ आणि कोथिंबीर यांचे वाफे याच दिवसांत हिरवेगार होतात, आणि कापणी झालेल्या भातशेतात उरलेल्या ओलीवर वाल तग धरतो.

येथे बावखलांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पावसाचे पाणी साठवून ते जमिनीत मुरवणारी ही गोड्या पाण्याची तळी हाच आपल्या हिवाळी बागायतीचा आधार होता. त्यांवरील रहाट थांबले, इंजिने आली, आणि पुढे कित्येक बावखले मातीभरावाखाली गेली. समुद्रालगतच्या जमिनीत गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारे पाणी आत सरकते. डिसेंबरमध्येच वाफ्यातील रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या, तर विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. ज्यांच्या वाडीत बावखल अद्याप शिल्लक आहे, त्यांनी नाताळपूर्व साफसफाईचा कचरा त्यात लोटू नये, एवढी तरी विनंती करावीशी वाटते.

गोठा

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला. त्यासाठी त्यांनी जॉन नावाच्या गृहस्थाला नाताळच्या पंधरा दिवस आधी निरोप पाठविला होता. गव्हाण, पेंढा, बैल आणि गाढव एवढीच ती सामग्री. मूर्ती नव्हत्या. गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाली. १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चोमध्ये गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली आणि घरोघरी, शाळांत, इस्पितळांत व तुरुंगांत गोठे करण्याची प्रथा टिकवावी असे आवाहन केले. बैल व गाढव शुभवर्तमानातील जन्मवृत्तांतात नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात आले, हे मुलांना अवश्य सांगावे.

गोठ्यातील शेतासाठी गहू किंवा नाचणी पेरण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे सोपवावे. गहू रात्रभर भिजवून १३ डिसेंबरच्या सुमारास पसरट ताटलीत मातीवर दाट पेरावा, नाचणी दोन दिवस आधी. पहिले दोन-तीन दिवस ओले फडके झाकावे, नंतर उजेडात ठेवावे. अंधारात वाढलेले अंकुर पिवळे व लुळे पडतात. पाणी शिंपडावे, ओतू नये. २४ तारखेला वीतभर नव्हे, पण चार बोटे हिरवे शेत सहज उभे राहते. बाजारातील हिरवा प्लास्टिकचा गालिचा पाच मिनिटांत अंथरला जातो. परंतु रोज सकाळी ताटलीवर वाकून पाहणाऱ्या मुलाला आगमनकाळ म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

थर्मोकोलचे डोंगर व गुहा आता सोडून द्याव्यात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी घातली आहे. पेंढा, केळीची सुकलेली पाने, नारळाच्या झावळ्या, गोणपाट हे सारे वाडीत फुकट मिळते.

२४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवावी. मिस्सेहून परतल्यावर कुटुंबातील ज्येष्ठाने किंवा लहानग्याने बाळ येशूची मूर्ती तीत ठेवावी. तीन राजे तोवर कपाटावर किंवा खिडकीत दूर ठेवून रोज थोडे पुढे सरकवावेत, असाही प्रघात काही घरांत आहे व तो मुलांना फार आवडतो.

दुखवट्याचे घर

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू घडला, तेथे पुष्कळदा चांदणी लागत नाही व कढई चढत नाही. त्या भावनेचा मान राखावा. तथापि गोठा हा रोषणाईचा भाग नव्हे. एक गव्हाण, एक मेणबत्ती आणि दिवंगताच्या नावाने प्रार्थना एवढे त्या घरात करण्यास काहीच आडकाठी नाही. शेजाऱ्यांनी कुलकुल, नेवऱ्यांचे ताट नाताळच्या सकाळी दाराशी ठेवून परतू नये, घटकाभर आत बसावे.

नाताळानंतर

नाताळकाळ २५ तारखेला संपत नाही. भारतात प्रकटीकरणाचा सण २ ते ८ जानेवारीदरम्यानच्या रविवारी येतो, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळकाळाची सांगता होते. तोवर गोठा उतरवू नये. त्यानंतर गहू-नाचणीचे शेत गुरांना घालावे, पेंढा मोगऱ्याच्या आळ्यात पसरावा आणि मूर्ती जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, पावसाळ्यात शाई रंगावर उतरते.