गृहीतागमा

मास्तरकीत एक गोष्ट रोज दिसते. पालकाच्या हाती प्रमाणपत्र दिले की त्याची नजर गुणांच्या आधी शिक्क्यावर जाते. तो शिक्का मारण्याचा अधिकार मुळात कुणी कुणाला दिला, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

मुंबई विद्यापीठाला तो १८५७ साली सरकारच्या कायद्याने मिळाला. अण्णासाहेब कर्व्यांना तो कुणीच दिला नव्हता. जपानमधील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ च्या जूनमध्ये ते पुण्यात उभेही राहिले! सरकारी सनद नव्हती, तेव्हा अण्णासाहेबांनी लोकांचीच सनद घेतली. वर्गणी भरणारे मतदार जमविले आणि त्यांच्याकडून सिनेट निवडून घेतले. डॉ. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. अशी माणसे असली म्हणजे कागदाला वजन आपोआप येते, असे आपल्याला वाटेल. पण सरकारदरबारी तसे नव्हते.

अभ्यासक्रमही रुळलेल्या वाटेने जाणारा नव्हता. शिक्षण मातृभाषेतून, गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना मानाचे पान, इंग्रजी मात्र सक्तीची. गांधीजींना ही सक्ती मान्य नव्हती. ती ऐच्छिक असावी, असे त्यांचे म्हणणे. अण्णासाहेबांनी आपला हट्ट सोडला नाही, आणि मला तो पटतो. मान्यतेवाचून पदवी घेणाऱ्या मुलीला निदान इंग्रजी तरी यायला हवी होती. पदवीला त्यांनी नावही आपलेच दिले: गृहीतागमा, म्हणजे जी. ए. त्याच्या वरची प्रदेयागमा, पी. ए. नावे भारदस्त खरी. पण नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलीला प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ सांगत बसावे लागले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले. पैसा आला, मान्यता आली नाही. १९२१ मध्ये पहिल्या ५ मुली पदवीधर झाल्या. सरकारच्या मान्यतेवाचून ते कागद पत्करायचे, तर मुलींना आणि त्यांच्या आईबापांना केवढे धैर्य लागले असेल!

कायद्याची मान्यता अखेर १९५१ साली मिळाली. अण्णासाहेब तेव्हा ९३ वर्षांचे होते. त्या पहिल्या पाचजणींच्या पदव्यांना ३० वर्षे झाली होती.